स्किपधारी

लंडनच्या हॅरो, वेम्बली, हाउन्स्लो या पट्ट्यात जो मराठी माणूस दहा-बारा वर्षं टिकतो, तो कधी ना कधी घराला मागच्या अंगाने एक खोली काढतोच. आधी नुसतं बोलतो. दोन दिवाळ्या त्यात जातात. मग एका सकाळी दारात साखळ्यांचा खणखणाट होतो, लॉरीच्या पाठीवरून भलीमोठी पिवळी लोखंडी पेटी डुलत डुलत खाली उतरते, आणि कालपर्यंत कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला, सॉफ्टवेअर तपासून पोट भरणारा तो गृहस्थ त्या क्षणापासून स्किपधारी होतो.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्किप म्हणजे घरकामाचा राडारोडा टाकायला भाड्याने मिळणारी उघडी पेटी. कंपनी रिकामी आणून ठेवते, आपण आठ-पंधरा दिवसांत भरायची, ती येऊन उचलून नेते. आपल्याकडे गवंडी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत राबिट भरतो, छोटा हत्ती येतो, गोण्या जातात. कुठे जातात हे विचारायची पद्धत नाही. इथे मात्र विचारावंच लागतं. स्वस्तात नेतो म्हणणाऱ्या व्हॅनवाल्याने माल एखाद्या गल्लीत ओतला आणि त्या ढिगात तुमच्या नावाचं पाकीट सापडलं, तर टाकणाऱ्याला हजार पौंडांपर्यंत दंड आणि खातरजमा न करता माल त्याच्या हवाली करणाऱ्या घरमालकाला सहाशेपर्यंत. हे ऐकून घाबरलेला मराठी माणूस स्किपकडे वळतो. पण लगेच नाही.

लगेच वळला तर तो मराठी कसला! आधी तो फुकटाचा मार्ग शोधतो. कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, कचरा केंद्र असतं, त्याला सगळे ‘टिप’ म्हणतात. तिथे घरच्या तोडफोडीचा माल पैसे न भरता नेता येतो, ही खबर त्याला लागते. नियम असा की एका खेपेला पन्नास लिटरच्या दोन पिशव्या आणि चार आठवड्यांत जास्तीत जास्त चार खेपा. तो रात्री एक्सेल उघडतो. चार आठवड्यांत चारशे लिटर. सहा यार्डांच्या स्किपमध्ये मावतात साधारण साडेचार हजार लिटर. म्हणजे स्वयंपाकघराची एक भिंत पाडून गाडीतून पोचवायला जवळपास वर्ष लागणार. बायको शांतपणे विचारते, “तोवर भात कुठे लावायचा?” एक्सेल बंद होतं.

मग मापाचा घोळ सुरू होतो. स्किप घन यार्डात मिळते: चार, सहा, आठ. त्याहून मोठ्या पेट्या असतात, पण माती-विटांसारख्या जड मालाला सहसा आठच्या वरची देत नाहीत, कारण भरल्यावर ती लॉरीला उचलायची असते. आता यार्ड हे माप इंग्रजाला तरी कळतं की नाही देव जाणे, आपल्या माणसाला तर मुळीच कळत नाही. मदतीला सांगलीहून बाबा येतात, म्हणजे फोनवर. त्यांनी 1980च्या दशकात स्वतः उभं राहून घर बांधलंय.

“किती ब्रास?” ते विचारतात.

“बाबा, इथे ब्रास नसतो. आठ यार्ड.”

“एक यार्ड म्हणजे सत्तावीस घनफूट. सत्तावीस अठ्ठे दोनशे सोळा. शंभर घनफुटांचा ब्रास. दोन ब्रासच्या वर झाला की रे! एवढं काय पाडतोयस?”

एवढ्या गणितासाठी मुलाने तीन संकेतस्थळं पाहिलेली असतात. असो.

पाडणं सोपं, खणणं अवघड. लंडनखाली चिकणमाती आहे. उन्हाळ्यात आकसते, हिवाळ्यात ओल धरून फुगते, त्यामुळे पाया निदान मीटरभर खोल न्यावा लागतो, आणि कौन्सिलचा तपासनीस खड्ड्यात डोकावल्याखेरीज काँक्रीट ओतता येत नाही. स्किपधारी चराची लांबी, रुंदी, खोली मांडतो. उत्तर येतं साडेसहा घनमीटर, म्हणजे साडेआठ यार्ड. आठ यार्डांची एक मागवू, जरा चेपून बसवू, असा हिशेब तो करतो. जमिनीत दाबून बसलेली माती खणली की मोकळी होऊन तिसऱ्या हिश्श्याने तरी वाढते, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. बिल्डरला माहीत असतं, पण तो विचारल्याशिवाय बोलत नाही. पहिल्याच दिवशी दुपारी स्किप काठोकाठ भरते, चर अजून पुरा झालेला नसतो आणि उरलेली माती बागेत गुलाबांवर चढलेली असते. दुसऱ्या स्किपचे आणखी तीन-चारशे पौंड. स्किपधारी त्या ढिगाकडे बघत म्हणतो, “एवढी माती आपलीच का?”

पण खरा स्किपधारी दिसतो तो रात्री.

ब्रिटनमध्ये एक अलिखित प्रथा आहे. कोणाच्या दारात स्किप आली की आसपासच्या घरांतल्या माळ्यांना पाय फुटतात. दिवसभर रस्त्यावर चिटपाखरू नसतं. सकाळी उठून पाहावं तर स्किपमध्ये एक गादी, फाटकी छत्री, मोडकं इस्त्रीचं टेबल आणि 1990च्या सुमाराचा मायक्रोवेव्ह. गादी टाकणारा माणूस तसा सभ्य असतो. तो ती मधोमध टाकत नाही, बाजूला उभी लावून ठेवतो, म्हणजे तुमच्या विटांना जागा राहावी. सकाळी तोच कुंपणापलीकडून हवापाण्याच्या गप्पाही मारतो. गादीचा विषय दोघंही काढत नाहीत. काढला तर सज्जनपणा संपला.

आपला माणूस इथे पेटतो. आणि एका अर्थी त्याचं बरोबर आहे. इंग्लंडात 1996 पासून कचरा पुरण्यावर टनामागे कर आहे. सुरुवातीला तो सात पौंड होता, 2025-26 मध्ये 126 पौंड 15 पेनी झाला. निव्वळ माती-विटांना मात्र त्याच वर्षी 4 पौंड 5 पेनी. मातीत गादी मिसळली की कंपनी कपाळाला आठ्या घालते आणि बिलावर एक ओळ वाढते. सोफा असेल तर विचारूच नका. जुन्या सोफ्यांच्या फोमात आणि कापडात आग रोखायला मारलेली जी घातक रसायनं असतात, त्यांच्यापायी 2023 पासून सोफे पुरायला बंदी आहे, ते जाळावेच लागतात. म्हणजे शेजाऱ्याचा सोफा आपल्या स्किपमध्ये येणं हा निव्वळ अतिक्रमणाचा नव्हे, अग्निसंस्काराच्या खर्चाचा प्रश्न असतो.

तेव्हा स्किपधारी पहारा बसवतो. दाराच्या बेलमधला कॅमेरा, जो आजवर फक्त पार्सलं बघत होता, तो स्किपकडे वळवला जातो. रात्री दोनला फोन वाजतो. कोल्हा असतो. तीनला पुन्हा वाजतो. तोच कोल्हा. चौथ्या रात्री स्किपधारी ताडपत्री विकत आणतो, स्किपवर ओढून चारी कोपऱ्यांना दोऱ्या बांधतो. ही ताडपत्री स्वयंपाकघरातल्या नव्या टाइल्सच्या वरच्या प्रतीची असते, हे बायकोने त्याला सांगितलेलं मी स्वतः ऐकलंय.

अशा वेळी बाबा सहा महिन्यांच्या व्हिसावर येऊन दाखल होतात. खरं तर नातवाला भेटायला. पण जेट लॅगमुळे पहाटे चारला जाग येते आणि खिडकीतून पहिलं दर्शन होतं ते स्किपचं.

“अरे, ह्या विटा टाकतोयस?”

“बाबा, ते डेब्रिज आहे.”

“डेब्रिज कसलं? सबंध वीट आहे ही. चुन्यातली.”

आणि म्हातारा उजाडायच्या आत कोट चढवून बाहेर. जुन्या घराची चिमणी चुन्यात बांधलेली असते, तिच्या विटा हातोडीच्या एका टिचकीने सुटतात. सिमेंटातल्या सुटत नाहीत, फुटतात. बाबा छिन्नीने चुना खरवडून एकेक वीट कुंपणाला रचू लागतात. स्किपधारी लाजेने मान खाली घालतो, कारण समोरच्या घराच्या पडद्याची हालचाल त्याला दिसते. तिसऱ्या दिवशी समोरच्या घरातली इंग्रज बाई रस्ता ओलांडून येते आणि विचारते, ह्या विटा विकायच्या आहेत का? तिला बागेची वाट करायची असते. लंडनात जुन्या विटेला पौंडाच्या वर भाव मिळतो, ही बातमी घरात अशी पोचते. स्किपधारी त्याच दुपारी छिन्नी घेऊन बाबांशेजारी बसतो. भरण्यासाठी चारशे पौंड दिलेली स्किप उपसणारे दोन सांगलीकर हॅरोच्या त्या रस्त्याने प्रथमच पाहिले असतील.

स्किप भरण्याची म्हणून एक कला आहे, ती त्याला उशिरा कळते. काठाच्या वर माल गेला तर ड्रायव्हर उचलत नाही, रस्त्यावर वीट पडली तर जबाबदारी त्याची. म्हणून काही चतुर लोक जुनी दारं चारी बाजूंना उभी करून भिंती वाढवतात. आपलाही माणूस ते करून बघतो. ड्रायव्हर येतो, गाडीतून न उतरताच मान हलवतो, “नो मेट,” म्हणतो, आणि दारं उतरवली जातात. प्लास्टरबोर्ड वेगळा काढावा लागतो, कारण त्यातलं जिप्सम कुजणाऱ्या कचऱ्यात गेलं की सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू सुटतो. गॅरेजच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉसची शंका आली तर कामच थांबतं. ब्रिटनने ते 1999 मध्ये पूर्ण बंद केलं, पण घरांनी ते अजून सोडलेलं नाही. फ्रीज, टायर, बॅटऱ्या, रंगाचे डबे चालत नाहीत. मग चालतं काय, असं तो एकदा कंपनीच्या मुलीला फोनवर विचारतो. ती म्हणते, “रबल, लव्ह.” या ‘लव्ह’ने त्याचा राग जरा उतरतो.

स्किप रस्त्यावर ठेवायची झाली तर वेगळं पुराण. मग कौन्सिलचा परवाना लागतो, रात्री पेटीवर दिवे लावावे लागतात आणि तिच्या अंगावर मालकाचं नाव आणि पत्ता किंवा फोन नंबर रंगवलेला असावा लागतो. म्हणून तो ती आपल्या अंगणातच, फरशीवर फळ्या घालून ठेवून घेतो आणि स्वतःची गाडी दोन गल्ल्या सोडून लावतो.

पेटी गेल्यावर माणूस पूर्वीसारखा होईल असं घरच्यांना वाटतं. होत नाही. 1932 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळ लंडनच्या गणेशोत्सवात आरती संपली की तो प्रसादाच्या रांगेत मागच्याला विचारतो, “तुमचं एक्स्टेन्शन कधी? स्किप कोणाची घेताय?” मग माती फुगण्याचा मुद्दा, जिप्समचा मुद्दा. अमेरिकेहून आलेल्या साडूला तो ऐकवतो की तुमच्या डम्प्स्टरचा, म्हणजे तिकडच्या कचरापेटीचा, जनक जॉर्ज डेम्प्स्टर हा पुढे टेनेसीतल्या नॉक्सव्हिल शहराचा महापौर झाला. साडू म्हणतो, आपल्याकडे महापौराचं नाव उद्यानाला देतात. स्किपधारी म्हणतो, “उद्यानं कोण लक्षात ठेवतो?”

आणि आता मुख्य लक्षण. तो चालत स्टेशनाला निघाला की वाटेतल्या प्रत्येक स्किपपाशी त्याची गती मंदावते. मुंडावळ्या बांधलेल्या वराकडे वधूपिता बघतो तसा तो आत बघतो, किंमत करत. चांगली फळी दिसली, तांब्याची नळी दिसली, की जीव कासावीस होतो. दुसऱ्याच्या स्किपमधून न विचारता काही उचलणं ही कायद्याने चोरी ठरू शकते, हे त्याला पाठ आहे, म्हणून तो सरळ बेल दाबतो आणि परवानगी मागतो. हे मी फार थोड्या लोकांना करताना पाहिलंय. परवानगी बहुतेक मिळतेच, कारण आतला माणूस त्या वेळी फक्त एवढंच बघत असतो की हा काही टाकून तर जात नाही ना. फळी घरी येते. बाबांनी रचलेल्या विटांशेजारी, जिथे नव्या खोलीची खिडकी उघडायची होती, तिथे ती टेकवून ठेवली जाते. खिडकी अजून अर्धीच उघडते.

माझं मत विचाराल तर हा माणूस मला आवडतो. पैसे मोजून कचरा टाकतो, तो कुठे जातो हे विचारतो आणि टाकताना त्याचा जीव तुटतो. असा नागरिक कोणत्याही नगरपालिकेला हवाच असेल. फक्त त्याला घरी राहायला जागा उरत नाही, एवढंच.

तुमच्यापैकी कोणाचं इथे काम निघालंच, तर हिशेबात येईल त्यापेक्षा एक माप मोठी स्किप मागवा, माती-विटा आणि बाकीचा माल वेगळा ठेवा. आणि शेजाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाका की काही टाकायचं असेल तर विचारून टाका. गादी तरीही येईल, पण निदान दिवसाउजेडी येईल आणि वर चढवायला शेजारी हात लावेल.