आमच्यात आधीपासूनच आहे

प्रत्येक ऑफिसात, प्रत्येक सोसायटीत एक असतोच. गूगलने २०२१ मध्ये अँड्रॉइड १२ बरोबर लांबलचक स्क्रीनशॉट आणला, असं कुणी म्हणायचा अवकाश, याचं उत्तर तयार : "आमच्यात आधीपासूनच आहे." आमच्यात म्हणजे शाओमीने अँड्रॉइडवर चढवलेल्या एमआययूआयमध्ये. आणि पंचाईत अशी की तो खरं बोलतो. ती सोय तिथे २०१६ मध्येच होती. एका फोनात दोन व्हॉट्सअ‍ॅप? आधीपासूनच. ही सिस्टीम २०१० ची आणि कंपनीचा पहिला फोन २०११ चा, म्हणजे ती तर फोनच्याही आधीपासूनच! जाहिरातींचं विचाराल, तर त्याही बऱ्याच आधीपासून आहेत, पण त्या मोजायच्या नसतात.

याला आंधळा भक्त म्हणणं सोपं आहे, पण ते टिकत नाही. भक्ताला दोष दिसत नाहीत. याला एकेका दोषाचा पत्ता पाठ असतो. जाहिराती पुरवणाऱ्या 'एमएसए'ची परवानगी कुठे काढायची, तिथे दहा सेकंद कसं थांबायचं, पहिल्यांदा 'जमलं नाही' असा निरोप आला तरी खचायचं कसं नाही, कुठल्या अ‍ॅपला 'ऑटोस्टार्ट' दिलं नाही तर मेसेज उशिरा येतात, हे सगळं त्याने कष्टाने कमावलंय. एवढी मशागत केलेल्या जमिनीला कोण नापीक म्हणेल? शिवाय त्याचा हिशेबही पक्का आहे. हार्डवेअरवर ५ टक्क्यांहून जास्त निव्वळ नफा घेणार नाही, असं कंपनीने २०१८ मध्ये जाहीर केलं. उरलेली कमाई कुठून तरी यायचीच. जाहिरात म्हणजे फोनचा न संपणारा हप्ता, आणि तो मान्य करूनच याने स्वस्त फोन घेतलाय. यावर कुणी म्हणेल, मग शुद्ध अँड्रॉइड का घेत नाही? हा प्रश्न चुकूनही विचारू नये. याच कंपनीने मी ए१, ए२, ए३ हे शुद्ध अँड्रॉइडचे फोन काढले होते, आणि ए३ वर अँड्रॉइड १० चं अपडेट देऊन पुन्हा मागे घ्यावं लागलं, अँड्रॉइड ११ ने तर काही फोन बंदच पाडले. हा इतिहास तो तारीखवार सांगतो, आणि सांगताना चहा पिऊ देत नाही.

एक मात्र कबूल करायला हवं. सोसायटीतल्या साऱ्या काकू-मावशींच्या फोनमधल्या जाहिराती हाच बंद करून देतो, दर अपडेटनंतर पुन्हा तपासतो, आणि त्याबद्दल कंपनीकडून त्याला एक रुपया मिळत नाही. कंपनीने करायचं काम ग्राहकाने फुकट करावं आणि वर तिची वकिलीही करावी, असा सौदा दुसऱ्या कुठल्या धंद्याला साधलाय? २०२३ मध्ये कंपनीने एमआययूआय हे नाव बाजूला ठेवून हायपरओएस आणलं. वकिलाने त्याच दिवशी वकीलपत्र बदलून घेतलं. तेव्हा वाचकहो, वाद घालू नका. त्याचा नंबर मात्र जपून ठेवा, कारण 'एमएसए' तिथेही आहे.