मस्टँगकाका

अमेरिकेतल्या कुठल्याही महाराष्ट्र मंडळात एक ढोल-ताशावाले असतात, एक नाटकवाले असतात, आणि मंडळ डेट्रॉइटच्या आसपासचं असेल तर एक मस्टँगकाका असतातच. नाव पोरांनी पाडलेलं. वय पंचेचाळिशीचं, घर ट्रॉय नाहीतर नोव्हायमध्ये, नोकरी सॉफ्टवेअरची आणि दारात 2018 ची मस्टँग जीटी. आठ सिलिंडर, पाच लिटर, 460 हॉर्सपॉवर. ही 460 पूर्ण भरते ती 7000 आरपीएमला. काका ऑफिसला जातात 1500 वर. वाटेत शाळेची बस लाल दिवे लावून थांबते आणि 460 घोडे तिच्यामागे मुकाट उभे राहतात.

काका तत्त्वाचे पक्के. टर्बो नको, सुपरचार्जर नको. वातावरणाचा दाब आहे तेवढा आहे, इंजिनानं आपल्या दमावर ओढायची ती हवा ओढावी. पंप लावून हवा कोंबणं त्यांना पटत नाही. शेजारच्या गल्लीत एक सुपरचार्जरवाला आहे. कडक शाकाहारी माणसानं मटणाच्या पंगतीकडे बघावं तसं काका त्याच्या बॉनेटकडे बघतात. तोंडानं निषेध चालू, नजर हलत नाही.

पण दमावर ओढायची म्हटलं की हवेची वाट मोकळी हवी. तिथून कोल्ड एअर इनटेकचं पुराण सुरू होतं. काकांनी एक्सेल शीट केली आहे. नळीचा व्यास, फिल्टर तेलाचा की कोरडा, खोकं झाकणाचं की उघडं, गाडीच्या कंप्युटरला नवा ट्यून लागतो की नाही, असे तिचे रकाने. आरती संपून प्रसाद येईपर्यंत सापडेल त्याला ते गाठतात. "पाच लिटरचं इंजिन 7000 ला मिनिटाला सतरा हजार लिटरच्या वर हवा मागतं. आणि कंपनीनं दिलंय काय? प्लॅस्टिकचं खोकं!" 

गंमत अशी की ते खोकं कंपनीच्या डिअरबॉर्नमधल्या ऑफिसात ज्यांनी डोकं घालून बसवलं, त्यांतला एखादा काकांच्या शेजारीच मठ्ठा पीत बसलेला असू शकतो. डेट्रॉइटच्या मंडळात अशी माणसं पैशाला पासरी. ते खोकं चांगलं बंदिस्त आहे, हवा पुढच्या जाळीतून थंडच घेतं, हे त्याला ठाऊक असतं. पण नोकरीतलं बाहेर बोलायचं नाही अशी सही केलेली, त्यामुळे तो नुसता म्हणतो, "मठ्ठा छान झालाय."

काकांना कोणी सांगत नाही ती गोष्ट अगदी साधी आहे. रोजच्या रस्त्यावर हवा फिल्टरपाशी अडतच नाही. ती अडते थ्रॉटलच्या झडपेपाशी, आणि ती झडप असते काकांच्या उजव्या पायाच्या ताब्यात. 25 मैलांच्या पाटीखाली काका ती जेमतेम किलकिली ठेवतात. तिच्या अलीकडची नळी हौदाएवढी केली तरी इंजिनाला काय त्याचं! आखूड नळ्यांचा मॅनिफोल्ड तर आणखी मासलेवाईक: वरच्या आरपीएमला जोर वाढवतो आणि खालच्या आरपीएमचा, म्हणजे काकांच्या रोजच्या वापरातला, काढून घेतो. तोही शीटमध्ये आहे. पिवळ्या रंगात.

शेवटी नव्या इनटेकचं पार्सल येतं. शनिवारी सकाळी गॅरेजात काका हवेचं वजन मोजणारा सेन्सर काढतात, तो बघण्यासारखा प्रसंग. आत केसाएवढी तापलेली तार. हवा तिला गार करते, आणि तिला तापलेलं ठेवायला किती वीज लागली यावरून कंप्युटर हवा मोजतो. बाळाच्या टाळूला हात लावायला भ्यावं इतके काका तिला जपतात. मग पुढच्याच महिन्यात लाल फिल्टर धुऊन त्यावर सढळ हातानं तेल सोडतात. तेल तारेवर बसतं, कंप्युटर भलतंच मोजू लागतो आणि चेक इंजिनचा दिवा पेटतो.

ट्यूनची फाइल ईमेलनं येते. काका ती गाडीत उतरवतात, टाकीत 93 ऑक्टेनचं पेट्रोल भरतात आणि कोपऱ्यावरून फिरून येतात ते चेहरा फुलवूनच. "काय रिस्पॉन्स आहे!" आता, चांगल्या ट्यूनचा उपयोग होतोच, माझं मत विचाराल तर पैसे तिथेच घालावेत आणि नळी राहू द्यावी. पण त्या पहिल्या फेरीतली बरीचशी जादू पेडलची असते. पूर्वी पाय एवढासा दाबला की झडप थोडी उघडायची, आता तेवढ्याच दाबात जास्त उघडते. घोडे तेवढेच, लगाम सैल. ताकद मोजणाऱ्या डायनोवर आठ-दहा वाढलेले दिसतात. तेवढे सकाळ-दुपारच्या फरकातही इकडेतिकडे होतात, पण काकांनी तो कागद लॅमिनेट करून घेतला आहे.

"अरे, हायवेवर पासष्टनं जायला किती हॉर्सपॉवर लागतात?" बायको विचारते. ती स्वतः इंजिनिअर आहे, आकडा तिला माहीत असतो.

"वीस-पंचवीस."

"मग उरलेल्यांचा विमा आपण का भरतोय?"

खरी थंड हवा मिशिगनमध्ये जानेवारीत फुकट मिळते. उणे दहाला हवा जुलैपेक्षा पंधराएक टक्के दाट असते. पण तेव्हा रस्त्यावर बर्फ आणि मीठ, मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरतात, आणि काका गाणी बंद करून, दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरून चालवतात. ऑगस्टमध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते, 1995 पासूनची. हजारो जुन्या-नव्या गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. काकांचा उघडा फिल्टर तिथे इंजिनाचीच तापलेली हवा ओढत असतो, कंप्युटर घाबरून स्पार्क मागे घेतो, म्हणजे कमावलेले घोडे भर मिरवणुकीत रजेवर. काकांना पर्वा नाही. थांबल्यावर ते बॉनेट उघडून ठेवतात, आणि लाल फिल्टर बघून कोणी म्हातारा अमेरिकन "नाइस!" म्हणाला की तासभर हलत नाहीत.

परवा भेटले तेव्हा काका गंभीर होते. मी विचारलं, काय झालं?

"आत जाणारी हवा मोकळी झाली रे," ते म्हणाले, "पण बाहेर पडायला वाट कुठाय?" आणि खिशातून फोन काढून त्यांनी एक्झॉस्टची शीट उघडली.