उपवासकाळातले आनंदी गृहस्थ

राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस उमटला की वसईच्या ख्रिस्ती वाड्यांत अनेकांचे चेहरे जे उतरतात ते थेट ईस्टरलाच वर येतात. मटण सोडले, दारू सोडली, मग हसू तरी कशाला शिल्लक ठेवायचे, असा एकूण हिशेब. अशा वातावरणात सकाळच्या मिस्साहून शीळ घालत परतणारे एक गृहस्थ जवळजवळ प्रत्येक धर्मग्रामात सापडतात. वय पन्नाशीच्या पुढेमागे, शर्टाच्या खिशात चष्मा, आणि तोंडात आजची बातमी. ही बातमी वर्तमानपत्रातली नसते. मागच्या वाडीत मोगऱ्याला पहिली कळी आली, शेजारच्या अंगणात बाटली मसाल्याच्या मिरच्या उन्हात पडल्या, कोणाच्या तरी माळ्यावर सुकवलेल्या केळ्यांची सुकेळी तयार झाली, असल्या त्या बातम्या. ‘अहो, उपवासकाळ चाललाय!’ असे घरातून कोणी दटावले, तर ते शांतपणे म्हणतात, ‘म्हणून तर दिसतंय सगळं.’ लोक त्यांना उथळ समजतात. माझ्या मते उपवासकाळ ज्यांना नीट कळला आहे अशा थोड्या माणसांपैकी ते एक आहेत.

पुरावा लांब शोधायला नको. राखेच्या बुधवारी जे शुभवर्तमान वाचतात ते मत्तयच्या सहाव्या अध्यायातले. उपवास करताना तोंड सुकवून हिंडू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, असा त्याचा रोख. ते ऐकून लोक राख लावून बाहेर पडतात आणि तोंड सुकवून हिंडतात. दुसरा साक्षीदार कॅलेंडर. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस मोजले तर ते सेहेचाळीस भरतात, कारण मधले सहा रविवार उपवासाच्या चाळिसांत धरलेलेच नाहीत. चौथ्या रविवारी तर फादर जांभळा झगा बाजूला ठेवून गुलाबी घालू शकतात, आणि एरवी फुलांविना असलेली वेदी त्या दिवशी फुलांनी सजवायला मुभा असते. बाकीचे आठवडे वसईची फुले दादरच्या बाजारात जातात, वेदीवर नाही. नियमही पाहा. चर्चच्या 1983 च्या कायद्यानुसार सक्तीचा उपवास दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार. तोही अठरा पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत. उरलेल्या दिवसांचा सुतकी चेहरा कोणत्याही कलमात नाही. तो भाविकांनी स्वखुशीने जोडलेला आहे, आणि साठी ओलांडून सूट मिळालेले लोक तो सर्वांत निष्ठेने पाळतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हा सगळा एकादशी आणि दुप्पट खाशीचा प्रकार आहे. आक्षेपाला इतिहासाचा भक्कम आधार आहे, हे मान्य करायला हवे. फ्रान्समध्ये रूआँच्या कॅथेड्रलला ‘लोण्याचा मनोरा’ आहे. उपवासकाळात लोणी खाण्याची परवानगी मिळावी म्हणून लोकांनी दिलेल्या पैशांतून तो उभा राहिला, अशी त्याची ख्याती. 1664 मध्ये ब्रांकाच्चो नावाच्या कार्डिनलने चॉकलेटवर एक प्रबंधच लिहिला, त्याचा निष्कर्ष असा की पेय उपवास मोडत नाही. आमचे गृहस्थही या बाबतीत अगदी धुतल्या तांदळाचे नाहीत. शुक्रवारी मांस वर्ज्य असते, मासे नव्हेत, हे त्यांना तोंडपाठ असते आणि त्या दिवशी तव्यावरच्या बोंबलांकडे ते जरा जास्तच भक्तिभावाने पाहतात. पण पळवाट आणि आनंद यांत फरक आहे. पळवाट शोधणाऱ्याचे लक्ष सोडलेल्या गोष्टीवरच खिळलेले असते. लोणी नाही तर लोण्याची परवानगी. मोगऱ्याच्या कळीसाठी कोणाची परवानगी लागत नाही, तिच्यावर पैसे खर्च होत नाहीत, आणि मटण सोडल्यामुळे ती वासाला कमी होत नाही. उलट, ताटातला एक मोठा पदार्थ गेला की बाकीच्यांकडे लक्ष जाते. एरवी जेवताना वाटीतली चिंचेची आमटी आंबट आहे की गोड, हे त्यांनाही सांगता आले नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हा काळ ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या स्मरणाचा, त्यात कळ्या कसल्या मोजता? उत्तर गृहस्थ बोलून देत नाहीत, शुभ शुक्रवारी देतात. त्या दिवशी त्यांच्याकडे कोणतीही बातमी नसते. चाळीस दिवस सारखाच चेहरा ठेवणाऱ्याला त्या एका दिवसासाठी वेगळे दुःख आणायचे कुठून, हा प्रश्न मात्र त्यांच्या टीकाकारांना पडलेला दिसत नाही. राहिला प्रश्न खरोखर खचलेल्या माणसाचा. त्याला ‘अहो, ते ताडगोळे पाहा’ म्हणून काही होत नाही, आणि आमचे गृहस्थ तिथे उपदेश करत बसले तर त्यांना घरी पाठवावे. त्यांचे औषध रुसलेल्यांसाठी आहे, आजाऱ्यांसाठी नाही.

तेव्हा प्रत्येक धर्मग्रामात असा एक गृहस्थ असायलाच हवा, असा माझा निवाडा आहे. दोन मात्र नकोत. दोघे चर्चच्या फाटकापाशी भेटले की सुकेळी आगाशीची चांगली की आपल्या वाडीची यावर तासभर बोलतात, आणि आत ‘क्रुसाची वाट’ ही प्रार्थना तिसऱ्या स्थानावर पोहोचलेली असते.