सप्तधातूवाले काका

नेपाळला निघालेल्या प्रत्येक मराठी गटात हे काका असतात. बँकेतून नाहीतर वीज मंडळातून निवृत्त. कमरेला पाऊच, डोक्याला माकडटोपी आणि हिशेबाला पक्के. रिक्षावाल्याकडून सुटा रुपया परत घेतल्याशिवाय न उतरणारे. अजिंठ्याला दगड विकणारा पोरगा ‘पाचशे’ म्हणाला तर ‘पन्नास’ म्हणून चालायला लागणारे. सकाळी पशुपतिनाथाला रुद्राक्षवाल्यांनाही त्यांनी दाद दिलेली नसते. पंडे आणि प्रसादवाले यांच्याशी दोन हात करण्यात त्यांची हयात गेली आहे.

दुपारी बस बौद्धनाथला थांबते आणि काकांचा बुरूज ढासळतो.

पहिला तडा तिकीटखिडकीवरच जातो. सार्क देशांच्या नागरिकांना तिकीट गोऱ्यांपेक्षा स्वस्त. ‘वाचले की गं!’ काका काकूंना सांगतात. वाचलेले पैसे खिशात राहू द्यायचे असतात, हे नेमकं इथेच त्यांना आठवत नाही. समोर ३६ मीटर उंचीचा पांढराशुभ्र स्तूप, चारी दिशांना पाहणारे डोळे, पाच रंगांच्या पताका. २०१५ च्या भूकंपात कळसाला तडे गेले आणि तो पुन्हा उभारला, हे गाइड सांगत असतो; काकांचं लक्ष नसतं. प्रदक्षिणा घालायची ती स्तूप उजव्या हाताला ठेवून. मग डाव्या हाताला काय उरतं? दुकानं. तीन प्रदक्षिणा म्हणजे प्रत्येक दुकानाचं तीनदा दर्शन.

तिसऱ्या फेरीत काका आत शिरतात. दुकानदार काही विकत नाही, हीच त्याची हुशारी. तो काकांच्या तळव्यावर एक वाडगं ठेवतो आणि लाकडी दांडक्याने काठावरून गोल गोल फिरवतो. हाताला मुंग्या येतात, ‘ऊंऽऽ’ असा नाद घुमतो. मग दुसरं वाडगं माकडटोपीवर पालथं घालून हळूच ठोका. काका डोळे मिटतात. ‘सात धातू, साब. सात ग्रह, सात चक्र.’ तेवीस वर्षांची पाठदुखी तिथल्या तिथे कमी झाल्याचं काका जाहीर करतात.

काकू वाडगं हातात घेऊन उलटसुलट बघतात. ‘अहो, ही तर काशाची वाटी! माझी आई तूप लावून तळपायाला घासायची.’

काकूंचं बरोबर असतं. तांबं आणि कथील, म्हणजे कासंच ते. सात धातूंची कथा वाड्याइतकी ऐसपैस, पण वाटीत मुख्यत्वे दोनच. काका मात्र बायकोकडे असे बघतात, जणू तिने समाधी भंग केली.

मग घासाघीस. भाव चार हजार. काका मनातल्या मनात १.६ ने भागतात, कारण आपला एक रुपया म्हणजे नेपाळी एक रुपया साठ पैसे, आणि अडीच हजार हा आकडा त्यांना भलताच प्रेमळ वाटतो. अर्धा तास झुंजून ते तीन हजारांवर आणतात. विजयी मुद्रेने भारतीय नोटा काढतात, अठराशे पंचाहत्तर मोजतात.

‘साब, तीन हजार आयसी. इंडियन.’

म्हणजे नेपाळी अठ्ठेचाळीसशे. पहिल्या भावापेक्षा आठशे जास्त. पण गटातली चार माणसं बघत असतात, आणि टोपीवर वाडगं पालथं घातलेलं असताना माघार घेणं अवघड जातं.

एकदा गळती लागली की लागली. एकशेआठ मण्यांची माळ, हातात फिरवायचं प्रार्थनाचक्र, सोसायटीतल्या प्रत्येकाला पताका. शेवटी थांका. सुती कापडावर बारीक कुंचल्याने रंगवलेलं भवचक्र, भोवती रेशमी किनार. विकणारा मुलगा मधलं वर्तुळ दाखवतो: डुक्कर, साप, कोंबडा. अज्ञान, द्वेष, आसक्ती. कोंबडा आसक्तीचा.

‘फार खोल आहे हो,’ काका गहिवरतात. ‘दोन द्या. एक जावयाला.’

त्रिभुवन विमानतळावर वजनकाटा बोलायला लागतो. काका बॅग उघडून चिवडा, लाडू, काकूंची शाल बाहेर काढतात, वाडगं तसंच. तरीही जादा वजनाचे पैसे भरा, असं काउंटरवरची मुलगी सांगते. काका आकडा ऐकतात, पाऊचकडे गेलेला हात थांबवतात आणि चष्मा वर सरकवून विचारतात, ‘एनसी की आयसी?’