फ्लेक्सवाला भाऊ

बेगडेवाडी स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाचं नाव तीनदा लिहिलंय. मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. पहिली दोन अर्थातच अक्षरन् अक्षर सारखी. तरीही वरच्या ‘ड’चं पोट खालच्या ‘ड’पेक्षा जरा सुटलंय असं ज्याला वाटतं, आणि लोकलची वाट बघत बसलेल्या भाजीवाल्या मावशींनाही जो ते बोट करून दाखवतो, तो आमचा डिझायनर. असा एकेक इसम हल्ली देहूरोडपासून लोणावळ्यापर्यंत प्रत्येक स्टेशनाच्या आसपास राहतो. त्याच्या कार्डावर ‘व्हिज्युअल कम्युनिकेशन’ छापलेलं असतं आणि गाव त्याला फ्लेक्सवाला म्हणतं. फ्लेक्स आपण छापत नाही, फक्त डिझाइन करतो, छपाई तळेगावला होते, हे त्यानं पहिलं वर्षभर प्रत्येकाला समजावून सांगितलं. आता नुसतं ‘हां, बोला’ म्हणतो.

घरात त्याच्या धंद्याबद्दल एकमत नाही. आई म्हणते, ‘कॉम्प्युटरवर असतो.’ चाकणच्या कंपनीत सुपरवायझर असलेल्या काकांच्या मते तो घरीच असतो. स्थळ बघायला आलेल्यांना सांगताना मात्र दोघं मिळून ‘स्वतःची जाहिरात कंपनी आहे’ म्हणतात. कंपनी वरच्या खोलीत आहे. गुरुवारी लाइट गेली की कंपनी बंद.

वाढदिवसाचा फ्लेक्स हे त्याचं मुख्य पीक. बाहेरच्या माणसाला ते काम सोपं वाटतं. फोन रात्री अकराला येतो आणि फ्लेक्स सकाळी सहाला चौकात लागायचा असतो. पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर ‘दादांचा’ फोटो येतो. तो कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला असतो आणि दादांच्या खांद्यावर भलत्याच माणसाचा हात असतो. मागचा मंडप, वाजंत्री, नवरा-नवरी सगळं उडवता येतं. तो हात काही उडत नाही, कारण त्याच्याखाली दादांचा खांदा आहे की नाही हे कुणालाच माहीत नसतं. मग दुसऱ्या कुठल्या तरी दादांचा खांदा आणून बसवायचा. हे सगळं आठवड्याभराच्या स्टेटसमधून फिरून आलेल्या, अंगठ्याएवढ्या फोटोवर करायचं आणि तो दहा बाय पंधरा फुटांवर ताणायचा.

त्यानंतर शुभेच्छुक. खाली दोन ओळींत गोल चेहरे, आणि कुणाचं वर्तुळ कुणाहून मोठं हा प्रश्न ग्रामपंचायतीच्या निवडणुकीइतकाच नाजूक. एकदा एका शुभेच्छुकाचं तोंड फाइलमध्ये मागच्या लेयरवर राहिलं आणि छापताना गायब झालं. दोन भावकींत त्यावरून अजून बोलचाल नाही. वरच्या ओळीची तर गोष्टच वेगळी. तिथं नेते असतात, आणि पक्षच फुटायला लागल्यापासून तिथं कोणते साहेब घ्यायचे हे फाइल उघडण्याआधी विचारावं लागतं. एकाच दादांच्या तीन फाइली त्याच्याकडे तयार आहेत. तिन्हींत दादा तोच, गॉगलही तोच. फक्त वरचं आभाळ बदलतं.

अक्षरांचं दुःख तो सहसा बोलून दाखवत नाही, कारण ते समजणारं माणूस जवळपास नाही. फाइल कर्व्ह न करता, म्हणजे अक्षरांचे आकार न बनवता पाठवली, आणि छापणाऱ्याच्या मशीनवर त्याच्यासारखा फॉन्ट नसला, की ‘हार्दिक शुभेच्छा’च्या जागी डॉलर, कंस आणि इंग्रजी अक्षरांची रांग उभी राहते. एकदा ती तशीच छापली गेली. चौकात दोन दिवस लागलेली होती. कुणी तक्रार केली नाही, कारण फोटो स्पष्ट होता. मंगल हा विंडोजचा फॉन्ट कुठं दिसला की पूर्वी तो नाक मुरडायचा. तो र. कृ. जोशींनी केलाय हे कळल्यावर त्यानं नाक मुरडणं सोडलं. र. कृ. आणि वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिरातींची शीर्षकं रेखणारे कमल शेडगे ही त्याची दैवतं. शेडग्यांच्या अक्षरांवरून नाटक ऐतिहासिक की फार्स हे लांबून कळायचं, असं तो सांगतो तेव्हा समोरचा म्हणतो, ‘तसंच करा. फक्त लाल-पिवळं करा आणि बाहेरून पांढरी बॉर्डर द्या.’

फ्लेक्सखेरीज किरकोळ कामं असतात. प्लॉटवाल्यांची माहितीपत्रकं सगळी सारखीच, ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ आणि मागं पवना धरण, मग प्लॉटवरून धरण दिसो न दिसो. तांदळाच्या पिशवीचं काम मात्र सांगण्यासारखं आहे. इंद्रायणी तांदूळ इथलाच. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालेला हा वाण १९८७ साली आला. गिऱ्हाइकानं पिशवीसाठी फोटो पाठवला तो लांबसडक, सुटासुटा, बिर्याणीतल्या बासमतीचा. हा म्हणाला, ‘शेठ, इंद्रायणीचा भात असा नसतो, मऊ आणि चिकट असतो.’ शेठ म्हणाले, ‘मला शिकवतो का? माझ्या घरी पिकतो. पण चिकट भात पिशवीवर कोण बघणार?’ पिशवीवर बासमती गेला. हा घरी येऊन आईच्या हातचा इंद्रायणी जेवला आणि मुद्दाम त्याचं चित्र काढलं, वाफेसकट, वर तुपाचा ठिपका घालून. ते कुणी मागितलेलं नव्हतं.

‘ते कुणी मागितलेलं नव्हतं’ या सदरात त्याची बरीच चित्रं मोडतात. टॅबलेटवर त्यांचं वेगळं फोल्डर आहे, नाव ‘स्वतःचं’. घोरावडेश्वराच्या डोंगराची आठ-दहा रूपं, लेण्याकडच्या पायऱ्यांवर धापा टाकणारे भाविक, लोकलच्या दारात पिशवी मांडीवर घेऊन बसलेली माणसं. शि. द. फडणिसांवर त्याचा फार जीव. ‘हसरी गॅलरी’तल्या कित्येक चित्रांत एक शब्दसुद्धा नाही, म्हणजे ‘नाव जरा मोठं करा’ म्हणायला गिऱ्हाइकाला जागाच नाही, हे त्याला त्यांचं सगळ्यात मोठं यश वाटतं. दरवर्षी ऑक्टोबरात तो ‘इंकटोबर’ धरतो, म्हणजे महिनाभर रोज एक शाईचं चित्र. चौथ्या दिवशी दिवाळीच्या शुभेच्छांचे फ्लेक्स सुरू होतात आणि शाई वाळते.

हा माणूस गिऱ्हाइकांच्या करेक्शनला कावतो ते खरं, पण त्याच्याएवढं खडूस गिऱ्हाईक मावळात दुसरं नाही. दादा अकराव्या करेक्शनला दमतात आणि ‘चालतंय, पाठवा’ म्हणतात. स्वतःच्या चित्राला तो असं कधी म्हणत नाही. डोंगराचा हिरवा बदलतो, पुन्हा जुना आणतो, आभाळ काढतो, घालतो. ‘फायनल’, ‘फायनल-खरं’, ‘फायनल-आईशपथ’ अशा फाइलींची रांग लागते. वर अ‍ॅडव्हान्सही मिळत नाही. तसा तो दादांकडूनही क्वचितच मिळतो. ‘पुढच्या कामात करून घेऊ’ या वाक्यावर त्याचा अर्धा धंदा चालू आहे.

गेल्या हंगामात त्यानं बैलगाड्याचं चित्र काढायला घेतलं. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं बंद केलेल्या बैलगाडा शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली, तेव्हापासून शर्यतीच्या घाटाचे फ्लेक्स हे त्याचं दुसरं पीक. दर वेळी त्याच त्या फोटोतले बैल कापून कंटाळा आला होता. म्हणून हे चित्र स्वतःसाठी. पुढं घोडी, मागं धुरळ्यातून उसळलेले चार खिलार, मावळतीचा सूर्य. फायनल-आईशपथपर्यंत मजल गेली, तरी काहीतरी चुकत होतं आणि काय ते उमगत नव्हतं.

अशात एक गाडामालक नाना फ्लेक्सच्या कामाला आले. चहा येईपर्यंत त्यांची नजर टॅबलेटवर गेली. बराच वेळ बघून म्हणाले, ‘भाऊ, ह्यो बैल कुठं चाललाय?’

‘नाना, घाटात पळतोय.’

‘न्हाय पळत. शेपूट बघ त्याचं, गोठ्यात माश्या हाकल्यावानी लोंबतंय. पळणाऱ्या बैलाचं शेपूट वर जातंय. आन् वशिंड एवढं मागं ढकलू नको, खांद्यावं घे. शिंगं पण खिलारची न्हाईत ही, कुणाच्या तरी म्हशीची आणलीत तू.’

गिऱ्हाइकाचं करेक्शन ऐकून त्याच्या कपाळावर येणारी ती नेहमीची आठी या वेळी आली नाही. त्यानं पेन उचललं. शेपूट वर केलं, वशिंड पुढं घेतलं, शिंगं लांबवून मागं वळवली. नाना खुर्ची ओढून शेजारी बसले. ‘मान खाली... गळ्याखालची पोळी हलू दे जरा... हां, आता तोंडाला फेस.’ चहा गार झाला. आणि बैल पळायला लागला, इतका की घोडीच मागं पडतेय की काय असं वाटावं.

‘आता झाली बारी,’ नाना खूश होऊन म्हणाले. ‘ह्योच टाक फ्लेक्सवं. फोटोबिटो नको बैलाचा.’ त्यानं फाइल सेव्ह केली. नानांनी मिशीवरून हात फिरवला आणि बोट सूर्यावर टेकवलं. ‘फक्त हितं सूर्व्याच्या जागी साहेब बसत्यात का बघ.’

त्यानं एकदा सूर्याकडं बघितलं, मग नानांकडं.

‘बसतात की. कुठले साहेब, नाना?’