भूत शोधायला प्लंबर? ऐकावं ते नवलच!

ऐकलंत का? ज्यांच्यापायी फलटणात घरोघरी रात्री दिवे मालवून, डोक्यावरनं पांघरूण घेऊन मोबाइलवर जागरणं चालली आहेत, ते अमेरिकेतले नामांकित भूतशोधक दिवसा तुंबलेले पाइप मोकळे करत होते! ‘घोस्ट हंटर्स’ ही मालिका २००४ साली सुरू झाली. तिचे दोन म्होरके, जेसन हॉज आणि ग्रँट विल्सन, ऱ्होड आयलंडात ‘रोटो-रूटर’ या कंपनीचे प्लंबर. बरं, लपवाछपवीही नाही. दिवसा मोरी, रात्री पिशाच, अशी मालिकेची जाहिरातच! आमच्या गल्लीत ही बातमी फुटली तेव्हा शेजारच्या काकूंना बसलेला धक्का मात्र निराळाच होता. “आपला प्लंबर दहा फोन केले तरी दिवसाउजेडी यीना, आणि ह्यांचा रात्री बारा वाजता परक्याच्या तळघरात उतरतोय व्हय?”

पण खरं सांगू का, माणसं अगदी योग्य निवडलेली. जुन्या घरात रात्री येणाऱ्या आवाजांपैकी बरेचसे पाण्याच्या नळांचेच असतात, आणि हे दोघे कित्येकदा कॅमेऱ्यासमोरच सांगून टाकायचे, की बाबांनो, भूत नाही, पाइप वाजतोय. अशा भागांवर आमच्याकडची पोरं भयंकर नाराज. तासभर जागायचं आणि शेवटी वॉशर बदला म्हणून ऐकायचं?

आता यंत्रांचं ऐका. या मालिकांमध्ये हातात एक डबी असते. तिचे दिवे हिरव्याचे लाल झाले की सगळे एकदम ओरडतात. वीज मंडळातनं निवृत्त झालेल्या एका मामांना तो भाग दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “अरे, हे वायरिंग तपासायचं मीटर आहे!” खरंच आहे ते. तारांमधून, उपकरणांमधून वीज वाहिली की भोवती जे चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते ही डबी मोजते. आमच्याकडच्या एखाद्या जुन्या वाड्यात ती आणली, तर उघड्या तारा, जोडलेल्या तारा आणि त्यावर टांगलेली आणखी जोडलेली तार बघून ती लाल होऊन बसेल आणि पुन्हा हिरवी व्हायची नाही. फोटोत दिसणारे ते पांढरे गोळे? फ्लॅशपुढून गेलेली धूळ, नाहीतर किडे. उसाच्या ट्रॉल्या गावातनं जायला लागल्या की आमच्याकडे दर फोटोत शेकड्यांनी आत्मे सापडतील. आणि ‘आत्म्यांशी बोलणारा’ तो खरखरता डबा म्हणजे एकाही स्टेशनवर न थांबणारा रेडिओ! मध्येच एखादा शब्द ऐकू येतो, त्याला उत्तर मानायचं. आमच्या लहानपणी सांगली आकाशवाणी नीट लागत नसे तेव्हा आम्हीही रोज परलोकाशी बोलत होतो म्हणायचं.

इंग्लंडातला विक टँडी नावाचा इंजिनिअर तर या धंद्याचा शत्रूच. त्याला प्रयोगशाळेत घाम फुटायचा, डोळ्याच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसायची. एक दिवस पकडीत लावलेलं तलवारबाजीचं पातं आपसूक थरथरायला लागलं. दुसरा असता तर कॅमेरे बोलावले असते. यानं मोजमाप केलं आणि शोधून काढलं, की नवा बसवलेला पंखा सेकंदाला १९ च्या आसपास कंपनं सोडतोय. कानाला न ऐकू येणारी, पण शरीराला जाणवणारी. १९९८ साली त्यानं त्यावर निबंधही लिहिला. पंखा! म्हणजे मालिकेचा अख्खा एक भाग बटण बंद केल्यावर संपला.

पण खरी खमंग भानगड ‘मोस्ट हॉन्टेड’ची. २००२ मध्ये सुरू झालेली ब्रिटिश मालिका. तिच्यात डेरेक अकोरा नावाचे गृहस्थ जुन्या इमारतीत शिरायचे आणि तिथल्या मेलेल्या माणसाचं त्यांच्या अंगात यायचं. याच मालिकेत सियारन ओ’कीफ नावाचे मानसशास्त्रज्ञही पगारी होते. त्यांनी ‘डेली मिरर’ला सांगितलेली हकिगत अशी: संशय आला म्हणून त्यांनी बॉडमिनच्या जुन्या तुरुंगातला एक मेलेला दक्षिण आफ्रिकी जेलर मनानंच रचला, नाव ठेवलं क्रीड काफर, आणि ते नाव शूटिंगआधी अकोरांच्या कानावर जाईल अशी व्यवस्था केली. झालं! कधी जन्मालाच न आलेला जेलर अंगात आला. वर त्या नावातली इंग्रजी अक्षरं उलटसुलट लावली की होतं ‘डेरेक फेकर’, म्हणजे थापाड्या डेरेक. इतकी पाताळयंत्री सून आपल्या मालिकांतही सापडायची नाही. तक्रारी झाल्या, तेव्हा तिथल्या नियामक मंडळानं २००५ मध्ये निकाल दिला, की हा करमणुकीचा कार्यक्रम आहे, तपासाचा नव्हे, सबब फसवणूक नाही. वा रे न्याय!

त्याच्याही आधी, ३१ ऑक्टोबर १९९२ ला, साक्षात बीबीसीनं हात धुऊन घेतले होते. ‘घोस्टवॉच’ नावाचा कार्यक्रम: मायकेल पार्किन्सनसारखा भारदस्त निवेदक, झपाटलेल्या घरातून ‘थेट प्रक्षेपण’, फोन करायला नंबर. कोटीभर लोक बघत बसलेले. प्रत्यक्षात ते सगळं लिहिलेलं नाटक होतं आणि कितीतरी आधी चित्रित झालेलं! लोकांनी असा काही आरडाओरडा केला की बीबीसीनं तो कार्यक्रम पुन्हा कधी दाखवलाच नाही. आणि त्यातल्या भुताचं नाव काय, माहितेय? पाइप्स. ठकठक ऐकून घाबरलेल्या पोरींना आईनं सांगितलेलं असतं, पाइप वाजतायत म्हणून. प्लंबर बोलवायलाच हवा होता की नाही?

आता आपलं बघू. आमचं गाव मुधोजी मनमोहन राजवाड्यात शूटिंगच्या गाड्या लागताना बघत आलेलं. जनरेटरची गाडी कुठं उभी राहते, दाराआडून धूर कोण सोडतं, हे इथल्या शाळकरी पोराला विचारा. तरी तेच पोर रात्री ‘आहट’चे जुने भाग बघून आईच्या कुशीत शिरतं. १९९५ ची ती मालिका काढणारे बी. पी. सिंग म्हणजे ‘सीआयडी’वालेच. एकीकडे दार फोडल्याशिवाय आत न जाणारा दया, दुसरीकडे दार बंद असतानाच आत येणारी मंडळी!

आणि आमच्या सातारा जिल्ह्याचा या व्यवसायातला वाटा कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. रामसे बंधूंचा १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’ झाला महाबळेश्वरात, सरकारी विश्रामगृहात! सात भाऊ, एक लिहिणार, एक कॅमेऱ्यावर, एक आवाज सांभाळणार, एक कापाकापी करणार, दोघं दिग्दर्शन. स्वयंपाकाला घरचीच माणसं. हिंदी सिनेमातलं पिशाच असं आमच्या घाटमाथ्यावर घरगुती जेवणावर वाढलेलं आहे.

कोकणानं तर कहरच केला. ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ साली सुरू झाली तेव्हा कोकणाची बदनामी झाली, अंधश्रद्धा पसरते, असा गलका उठला. मग काय झालं? आकेरीचा मालिकेतला तो वाडा बघायला सहली निघाल्या. पहिल्या भागात गेलेले अण्णा नाईक लोकांना इतके आवडले, की २०१९ मध्ये दुसरा भाग काढून मालिका मागे नेली आणि मेलेल्या माणसाला नायक केलं. सगळं विसरणारा पांडू आठवतो? ते काम करणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेचे लेखकही होते. ज्याला काही आठवत नाही, त्यालाच पुढचं सगळं ठाऊक! २०२१ च्या तिसऱ्या भागाला मात्र करोनानं गाठलं. शूटिंगवर बंदी आली आणि अण्णांना काही महिने घरी बसावं लागलं.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. विलायती भुताला ना ठरलेली जागा, ना मागणं. आपल्याकडे कसं सगळं रीतसर! मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी, समंध ठेवलेल्या धनावर. कुणाला दहीभात, कुणाला नारळ. त्या डबीचा नुसता लाल दिवा लागून काय कळणार, उतारा कशाचा काढायचा?

मामांनी मात्र परवा मुद्द्याचं काढलं. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभ्या केलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं चमत्कार सिद्ध करण्यासाठी २१ लाखांचं आव्हान आहे. इतके कॅमेरे, इतकी मीटरं, इतके भाग, आणि एवढी रक्कम न्यायला कोणी फलटणहून एसटीत बसत नाही? काकूंनी लगेच विचारलं, “त्यावर टॅक्स कापतात का हो? आणि अर्धे पैसे भुतानं मागितले तर?” या दुसऱ्या प्रश्नावर आमच्या गल्लीत अजून एकमत झालेलं नाही.