वरातीमागून परतावा

घोडा विकला. नवा मालक लगाम धरून घेऊन गेला. हरभऱ्याचं बिल थांबलं, नालबंदाच्या फेऱ्या थांबल्या, तबेल्यात सायकली लागल्या. विमा तेवढा इमानेइतबारे चालू राहिला.

कुणाचा? जो घोडा आता तुमचा नाही, त्याचा.

तो उद्या पोटशूळानं गेला तर तुमचं एका पैचं नुकसान होणार नाही. नुकसान नाही, म्हणजे भरपाईही नाही. तरी उरलेल्या महिन्यांचा हप्ता कंपनीकडे मुक्कामाला आहे. आणि आपले मालक काय म्हणतात? "जाऊ द्या हो, विम्याचे पैसे कधी परत येतात का?"

येतात. पण मागावे लागतात.

मागायचं सुचत नाही, कारण सांगणारा गायब असतो. पॉलिसी काढताना एजंट तबेल्यापर्यंत येतो, चहा घेतो, घोड्याच्या मानेवर थोपटतो, तोंडभर कौतुक करतो. पॉलिसी रद्द करायची म्हटलं की तोच गृहस्थ नातेवाइकाच्या लग्नाला बाहेरगावी असतो. इतकी लग्नं एका घराण्यात?

कायद्यानं ही मंडळी फार पूर्वी ओळखली. विमा कायद्याचं कलम ६४ व्हीबी घ्या. त्याचा पहिला भाग प्रत्येक शाखेला तोंडपाठ आहे: हप्ता आधी, जोखीम नंतर. त्याच कलमात पुढं असंही लिहिलं आहे की पॉलिसी रद्द झाली तर परतावा थेट विमेदाराच्या हाती द्यायचा, त्याची रीतसर पावती घ्यायची आणि तो कोणत्याही परिस्थितीत एजंटाच्या खात्यावर जमा करायचा नाही. मनीऑर्डरच्या जमान्यातली भाषा आहे ही.

'कोणत्याही परिस्थितीत' असं कायद्यात उगाच कुणी लिहीत नाही.

आता हिशेब. वर्षाचा हप्ता समजा ६,००० रुपये. चार महिन्यांनी घोडा विकला. शाळेतलं पोरही सांगेल की २,००० वापरले, ४,००० परत. इथंच घोडं पेंड खातं. विमा धंद्यात 'शॉर्ट पीरियड स्केल' नावाचा एक तक्ता वर्षानुवर्षं चालत आला. मोटार विम्याचा जुना तक्ता बघा. एक महिना वापरला तर वीस टक्के कापा, दोन महिन्यांना तीस, चार महिन्यांना पन्नास, आठ महिन्यांना नव्वद. आठ महिन्यांवर एक दिवस गेला की शंभर. म्हणजे वर्ष आठ महिन्यांत संपतं! मेडिक्लेमचं वर्ष तर त्याहून तोकडं. सहा महिने उलटले की वसूल सगळं.

बारा महिन्यांचे पैसे घेणारं पंचांग एक, परत करणारं दुसरं.

कंपन्यांची बाजू नाही असं नाही. कागदपत्रं, तपासणी, दलाली हा खर्च पहिल्याच दिवशी होतो. शिवाय हंगामापुरता विमा काढून हंगाम संपताच 'रद्द करा' म्हणणारे बहाद्दर आपल्यातच आहेत. मान्य. पण त्यांच्या हुशारीचा दंड, ज्याचं जनावर खरंच विकलं गेलं, त्यानं का भरायचा?

हा प्रश्न विमा नियामकालाही पडला असावा. जून २०२४ मध्ये 'इर्डाई'नं सर्वसाधारण विम्यासाठी एक मोठं परिपत्रक काढलं. किरकोळ ग्राहकानं, म्हणजे तुमच्याआमच्यासारख्यानं, पॉलिसी केव्हाही रद्द करावी. कारण सांगायची गरज नाही. मुदत वर्षाची किंवा त्याहून कमी असेल आणि त्या काळात दावा केलेला नसेल, तर उरलेल्या दिवसांचा हप्ता दिवसांच्याच प्रमाणात परत. कंपनीला मात्र मनात आलं म्हणून पॉलिसी रद्द करता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक हवी, आणि किमान सात दिवसांची नोटीस.

वाचायला गोड. आता काउंटरवर जा.

"का रद्द करताय?" पहिला प्रश्न. ज्याचं उत्तर द्यायची गरज नाही, नेमका तोच. दुसरा प्रश्न: "राहू द्या ना, चारच महिने उरलेत." तिसरा प्रश्न नसतो, जेवणाची सुट्टी असते.

तेव्हा तोंडी बोलू नका. लेखी अर्ज, पॉलिसी क्रमांक, बँक खात्याचा तपशील, घोडा विकला असेल तर विक्रीच्या कागदाची प्रत, आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोचेचा शिक्का. तो शिक्का उमटेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. दिवसांचाच हिशेब असेल तर एकेका दिवसाला किंमत आहे. फोनवर 'सांगून ठेवलं होतं' या वाक्याचा परतावा आजवर कुणाला मिळालेला नाही.

'दावा केलेला नसेल' या चार अक्षरी अटीकडे मात्र नीट बघा. बरं, चार अक्षरी नसेल, पण भारी आहे. तीन घोडे, पॉलिसी एकच. एक घोडा दगावला, भरपाई मिळाली. पुढं उरलेले दोन विकले. त्या दोघांचा परतावा? पॉलिसीवर दावा झालेला आहे, असं म्हणून साहेब फाइल मिटू शकतो. दोन निरोगी घोडे तिसऱ्याच्या पोटदुखीत बुडाले. प्रत्येक घोड्याची पॉलिसी वेगळी घ्या म्हणजे ही भानगड नाही. एजंट हे सांगेल का? एकाच अर्जात तिघांचं काम उरकत असताना?

आणखी एक गंमत. पशुविम्यात पहिले पंधरा दिवस आजारपणाला संरक्षण नसतं, ही नेहमीची अट. आजार आधीपासून होता की काय, या संशयापोटी. ठीक. पण परताव्याचा हिशेब पहिल्या दिवसापासून. संशय त्यांचा, पंधरवडा आपला.

पॉलिसी काढतानाचा थाट आठवा. पशुवैद्य येतो. दात बघून वय ठरवतो. मग ओळखीच्या खुणा लिहून घेतो: रंग, कपाळावरचा टिक्का, कोणत्या पायाला पांढरं, भोवरे किती आणि कुठं. आपल्याकडचा घोड्यांचा व्यापारीही शतकानुशतकं तेच भोवरे बघत आला. सारंगखेड्याच्या बाजारात आजही चारही पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा असला की 'पंचकल्याणी' म्हणून भाव चढतो, गळ्यावर 'देवमण' भोवरा दिसला की मालकाची मान ताठ होते, आणि भलत्या जागी भोवरा निघाला की गिऱ्हाईक न बोलता पुढच्या खुंटीकडे सरकतं. विमा कंपनीला शुभाशुभाशी देणंघेणं नाही. उद्या मेलेला घोडा हाच होता का, एवढंच तिला कळायला हवं. एकच भोवरा, एकाला त्यात नशीब दिसतं, दुसऱ्याला पुरावा.

पुराव्यावरून शेरगर आठवला. १९८१ ची डर्बी दहा लांबींनी जिंकणारा घोडा. फेब्रुवारी १९८३ मध्ये आयर्लंडमधल्या स्टड फार्मवरून बंदूकधाऱ्यांनी पळवला. पुन्हा दिसला नाही, सांगाडाही सापडला नाही. त्याच्यात अनेकांचे हिस्से होते. ज्यांनी चोरीचाही विमा काढला होता त्यांना पैसे मिळाले. ज्यांनी फक्त मृत्यूचा काढला होता ते बसले हात चोळत. कारण घोडा मेल्याचा पुरावा कुठं आहे?

आपल्याकडच्या पशुविम्याच्या ठरावीक अटींतही चोरी आणि चोरटी विक्री वगळलेलीच असते. तेव्हा घोडा चोरीला गेला तर भरपाईची वाट बघत बसू नका. निदान उरलेला हप्ता तरी मागा.

आता उलट्या बाजूनं. हे वाचून उद्या सकाळीच अर्ज घेऊन धावू नका. वरातीला घोडी देणारे काही जण आषाढी उलटली की हिशेब मांडतात: चातुर्मासात लग्नं नाहीत, घोडी दावणीला, मग हप्ता का? माथेरानलाही पावसाळ्यात घोडे जास्त आणि पर्यटक कमी. पण घोडी दावणीला उभी असली तरी तिला पोटशूळ चातुर्मास बघून येत नाही. तुळशीच्या लग्नानंतर नवी पॉलिसी काढाल तेव्हा पुन्हा तपासणी, पुन्हा ते पंधरा दिवस. आणि दात बघणारा डॉक्टर घोडीचं वय या खेपेला वाढलेलंच लिहील. वयाची मर्यादा ओलांडली तर पॉलिसीही गेली. चार महिन्यांचा हप्ता वाचवला, घोडी उघडी पडली. ह्याला काटकसर म्हणतात?

रद्द करायचंच, तर घोडा हातचा गेल्यावर. विकला, बक्षीस दिला, भागीदाराच्या नावावर केला. आणि तेही आधी नव्या मालकाला विचारून. काही पॉलिसी त्याच्या नावावर करून देता येतात. त्याला चालू विमा मिळतो, तुम्ही किमतीत तेवढे वाढवून घेता. परताव्यासाठी कंपनीच्या दारात कुणालाच खेटे घालावे लागत नाहीत.

कंपनी दाद देईना तर? आधी तिच्याकडेच लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल. मुंबईत आहे, पुण्यात आहे. फी नाही, वकील नको. पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणं तिथं चालतात. तुमचे चार हजार त्यात आरामात बसतात.

राहता राहिलं सरकार. राष्ट्रीय पशुधन अभियानात फेब्रुवारी २०२४ मध्ये बदल झाले आणि पशुविम्यात मालकाचा वाटा पंधरा टक्क्यांवर आला. उरलेला हप्ता केंद्र आणि राज्य वाटून भरतात; आपल्याकडे साठास चाळीस. उत्तम. आता अशा पॉलिसीतलं जनावर तिसऱ्या महिन्यात विकलं गेलं आणि पॉलिसी रद्द झाली, तर परतावा कुणाचा? पंधरा टक्क्यांचा धनी अर्ज लिहील, चपला झिजवील, शिक्का मिळवील.

पंच्याऐंशी टक्क्यांचे दोन धनी काउंटरवर कधी येणार? दोघांपैकी पोच कोण घेणार?